खोकणाऱ्या बाईचा हात

आमच्या अप्पांनी हुबळी-धारवाडच्या पोरांना जेवढे रोग दिले, तेवढे गटारांनी आणि डासांनी मिळूनसुद्धा दिले नसतील. खरूज, नायटा, कावीळ, गालगुंड, जंत, उवा, किडके दात, एकेक रोग ते ब्रशनं असा काढायचे की पुस्तक उघडणाऱ्याचा हात आपोआप डोक्यात जाऊन खाजवायला लागायचा. एका शाळेत म्हणे उवांचं पुस्तक वाटलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गानं टक्कल करून घेतलं. इथे 'म्हणे' हा शब्द मी आता घातला आहे. त्या वयात घातला नसता. ती सगळी टकली मी स्वतः मोजून आले, असं शपथेवर सांगितलं असतं.

अप्पा शाळेत चित्रकलेचे मास्तर. पण शाळेतली चित्रकला म्हणजे एक केळं, एक कळशी आणि डोंगरामागून उगवणारा सूर्य. त्यात त्यांचा जीव रमायचा नाही. तेवढ्यात एका संस्थेनं लहान मुलांसाठी आरोग्याची चित्रपुस्तकं काढायचं ठरवलं आणि कुणीतरी अप्पांचं नाव सुचवलं. सोळा पानांची पातळ पुस्तकं, वर मोठं चित्र, खाली दोन ओळी. तीच चित्रं कन्नड मजकुरावर लागायची, तीच मराठी मजकुरावर. कमरीपेठेतल्या एका छापखान्यात ती छापली जायची, आणि तिथलं यंत्र सुरू झालं की शेजारच्या शिंप्याच्या कात्र्या टेबलावरून चालत चालत खाली पडायच्या. देशपांडे नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीला आम्ही 'दवाखाना' म्हणत होतो, कारण तिथे भिंतीवर ओळीनं सगळे रोग वाळत घातलेले असायचे. पाहुणे आले की आई आधी कावीळ काढायची, मग सतरंजी घालायची.

अप्पांची एक अडचण होती. त्यांना न बघता काढता यायचं नाही. वांगं काढायचं तर वांगं समोर हवं, आणि काढून होईपर्यंत, मग तीन दिवस लागोत की पाच, त्या वांग्याला हात लावायचा नाही. त्याच्या भावंडांची भरली वांगी होऊन आम्ही ती जोंधळ्याच्या भाकरीशी खाऊन विसरूनही जायचो, आणि ते एक वांगं म्हाताऱ्यासारखं सुरकुतत टेबलावर बसलेलं असायचं. 'काय खावे, काय खाऊ नये' या पुस्तकाच्या वेळी तर कहर झाला. 'खाऊ नये' च्या पानावर उघड्यावरची मिरची भजी आणि त्यांच्यावर बसलेल्या माश्या काढायच्या होत्या. भजी थंड झाली की मऊ पडतात, मऊ भजी अप्पांना चालत नव्हती, म्हणून रोज नवी यायची. माश्या मात्र बोलावून येत नाहीत. अप्पा ब्रश उचलून माशीची वाट बघत बसायचे आणि आम्ही दारात उभं राहून, माशी येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचो. कारण माशी बसलेलं भजं टाकून द्यावं लागे आणि न बसलेलं आमच्या पोटात जाई. आरोग्याच्या त्या एका पुस्तकापायी आमच्या घरात जेवढी मिरची भजी खाल्ली गेली, तेवढी दुर्गदबैलाच्या बाजारातसुद्धा एका दिवसात तळली जात नसतील.

रोगाला मात्र रोगी लागतो, आणि रोगी मी. आईला वेळ नाही, शैलाआत्या दिवसभर कोप्पीकर रोडवरच्या टायपिंग क्लासात शिकवायला, आणि मी अशी काटकुळी की माझ्या अंगावर कुठलाही रोग शोभून दिसायचा. कावीळ म्हणून माझ्या तोंडाला हळदीचं पाणी फासलं. गालगुंडासाठी दोन्ही गालांत अर्धं अर्धं लिंबू कोंबलं. खरजेला खळीनं रवा चिकटवला, आणि मुंग्यांनी तो माझ्या हातावरून रांगेत उतरवून नेला. जंतांसाठी तीन संध्याकाळ पोट धरून वाकडं तोंड करून बसले, तेव्हा खरंच पोट दुखायला लागलं आणि अप्पा आनंदानं ओरडले, "हां! आता जमलं. तसंच ठेव, सोडू नको."

सुदृढ मुलगी म्हणून मात्र विद्या. विद्या आमच्याच गल्लीतली, माझ्याच वर्गातली, गाल असे की त्यांच्यापुढे पेढे मागे पडावेत. तिची आई तिला इस्त्रीचा फ्रॉक घालून, दोन वेण्या घट्ट बांधून पोज द्यायला सोडायला यायची आणि आमच्याकडे चहा घेऊन जायची. पुस्तकात डाव्या पानावर मी, नखं काळी, नाक वाहतंय, उजव्या पानावर विद्या, हातात साबण. पुस्तक आमच्याच वर्गात आलं. बाईंनी ते उघडून सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि विचारलं, "यातली चांगली मुलगी कोण?" चाळीस बोटं विद्याकडे गेली. "आणि ही?" त्या दिवसापासून माझं नाव 'जंतू' पडलं. शेजारी बसणाऱ्या मुलीनं बाकावर खडूनं रेघ ओढली. विद्याला मी मनातल्या मनात तेव्हापासून किती रोग दिले असतील, त्याला सोळा पानं पुरली नसती.

आता माझे गुडघे कुरकुरतात आणि केस रंगवायचं मी सोडून दिलंय. तरी अजून एखाद्या दवाखान्यात भिंतीवर स्वच्छ मुलीचं चित्र दिसलं की माझी नजर त्याच्या डाव्या बाजूला जाते. ती दुसरी कुठे गेली?

संशय हा माझा जन्मजात रोग. त्याचं पुस्तक अप्पांनी काढलं नाही, पण काढलं असतं तर तिथेही मलाच बसवलं असतं. आणि त्या वर्षी माझ्या संशयाला भरपूर खाद्य मिळालं, कारण संस्थेनं पुढचं पुस्तक सांगितलं ते क्षयाचं, आणि अप्पांनी मला बोलावलंच नाही. मी रोज शाळेतून येऊन तोंड बारीक करून दवाखान्याच्या दाराशी उभी राहायचे. "अप्पा, खोकू का?" "नको. जा खेळायला." दार बंद. आतून ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज. वांग्याशिवाय वांगं काढू न शकणारा माणूस आत एकटा बसून माणूस काढत होता, तो कुणाला बघून?

पुस्तक छापून आलं तेव्हा मी ते माळ्यावर बसून वाचलं. पहिल्या पानावर खिडकीशी बसलेली एक बाई, तोंडावर हात धरून खोकतेय. नाक अप्पांनी पसरट केलं होतं, कपाळावर मोठं गोल कुंकू काढलं होतं, लुगडं नऊवारी. एकंदरीत ती कुणीच नव्हती. पण हात! डावा हात, आणि त्याची करंगळी पहिल्या पेरापासून बाहेर वळलेली. अशी करंगळी अख्ख्या हुबळीत एकच होती. लहानपणी दारात चेंगरलेली, शैलाआत्याची. त्या करंगळीला टाइपरायटरची कडेची अक्षरं जमत नाहीत म्हणून ती अंगठीच्या बोटानं मारायची आणि तरी क्लासात सगळ्यांत जलद होती. नाक बदलता येतं, कुंकू बदलता येतं. हात काढताना मात्र अप्पांचं भान गेलं असणार. डोळ्यांना जे दिसलं ते त्यांनी काढलं.

मग मी पुस्तकातलं एकेक पान घेऊन आत्याच्या मागे लागले. पुस्तक म्हणत होतं, रोग्यानं दूध, शेंगदाणे, अंडी खावीत. आमचं घर असं की अंड्याचं नाव काढलं तरी आई तोंड धुवायला लावायची. पण दर रविवारी अप्पा मागच्या अंगणात, घरात कधीच न येणाऱ्या एका अल्युमिनियमच्या पातेल्यात, स्वतः दोन अंडी उकडायचे आणि ती आत्याला जायची. मला सांगितलं होतं, "आत्या केसांना लावते." उकडलेलं अंडं केसांना कसं लावतात हा प्रश्न मला दहा वर्षांची होईपर्यंत पडला नव्हता, आणि पडला तो नेमका आता. पुस्तक म्हणत होतं, खोकला लपवू नका. आत्याला ठसका लागला की ती जेवता जेवता उठून मागच्या मोरीत जायची, नळ मोकळा सोडायची आणि पाण्याच्या आवाजाआड खोकून यायची. मी अडीच-तीन वर्षांची असताना ती वर्षभर बेळगावला मामांकडे 'टायपिंग शिकायला' होती. हुबळीत टायपिंगचे एवढे क्लास असताना? मी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. थाप एकदम थांबली.

"तुला कुणी सांगितलं विचारायला?"

"कुणी नाही. मीच."

"मग तूच गप बस."

आपल्या घरातल्या माणसाकडे संशयानं बघायला लागलं की ते माणूस रोज थोडं थोडं परकं होतं. ती तीच आत्या होती, जी माझ्या वेण्या घालायची आणि आपल्या ताटातली शेंगाचटणी मला द्यायची. आणि आता तिनं घुसळून दिलेलं पेल्यातलं ताक मी खिडकीतून ओतून देत होते. पुस्तकाच्या अकराव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की औषध पूर्ण घेतलेल्या माणसाची भांडी वेगळी ठेवायची गरज नाही. ते पान मी वाचलं होतं. तरी ओतत होते.

आणि नेमकं त्याच दिवसांत आत्याचं लग्न जमत होतं. तेसुद्धा या पुस्तकांमुळेच. विद्याला सोडायला येणाऱ्या तिच्या आईनं चहा पिता पिता आत्याला हेरलं आणि आपल्या धाकट्या भावासाठी विचारलं. भाऊ धारवाडला, सरकारी कचेरीत, नाव प्रमोद. त्याची आई धारवाडच्याच एका शाळेत हेडबाई, त्यांना सगळं गाव हेडबाईच म्हणायचं, घरातसुद्धा. बघून झालं होतं, पसंती झाली होती, साखरपुड्याचा दिवस धरायला पुढच्या रविवारी यायचे होते. आत्या सव्वीस वर्षांची होती. तिला याआधी किती जणांनी पाहिलं होतं हे घरात कुणी बोलत नसे, पण उप्पीट करताना आईचा हात न बघता चालायचा, इतकी सवय झाली होती. या वेळी आत्या संध्याकाळी क्लासातून येताना गुणगुणत यायला लागली होती. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कुणी बोलून दाखवलं नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

अशा वेळी शाळेत विद्या म्हणाली, "नव्या पुस्तकात मी नाही, तूपण नाहीस. तुझे अप्पा आता मोठ्या माणसांना काढतात." आणि मधल्या सुट्टीत, चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या गाडीसमोर, दहा जणींच्या देखत ती पुढे म्हणाली, "बरंच झालं, जंतू."

माझं डोकं सरकलं. मी म्हटलं, "त्यात माझी आत्या आहे. अख्खं पुस्तक तिचंच आहे. तिला खराखुरा क्षय झाला होता. बादलीभर रक्त पडलं. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, असा रोगी आम्ही जन्मात पाहिला नाही, हिला विमानानं मुंबईला न्या. अप्पा म्हणाले, विमान राहू दे, आधी मी चित्र काढतो. करंगळी बघ, हवं तर!" बादली, विमान, सगळं माझं. क्षय मात्र मी नुसत्या संशयावर ठोकून दिला होता. मुली तोंडं उघडी ठेवून ऐकत राहिल्या. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणी जंतू म्हणालं नाही. गिरमिट त्या दिवशी काय लागलं म्हणून सांगू!

शनिवारी विद्या आजीकडे धारवाडला गेली, आणि सोमवारी शाळेत येऊन सहज म्हणाली, "तुझ्या आत्याचं पुस्तक माझ्या आजीनं ठेवून घेतलं. भिंगानं बघत होती." हातातला गिरमिटाचा पुडा मी तसाच खाली ठेवला. विद्याची आजी म्हणजे हेडबाई, हे मला माहीत होतं. पण बोलताना आठवलं होतं का? खरं सांगू, आजही मला खात्री नाही.

गुरुवारी विद्याची आई आमच्याकडे आली ती चहा न घेता गेली. रविवारी येणार आहोत, पण दिवस धरायला नाही, आईला जरा विचारायचं आहे, एवढंच ती बोलली. आईनं दार लावलं आणि मला दवाखान्यात ओढलं. भिंतीवरून माझेच दहा-बारा चेहरे, पिवळे, सुजलेले, खरुजलेले, माझ्याकडे बघत होते. अप्पा स्टुलावर खाली मान घालून बसले होते.

"शाळेत काय बोललीस?" मी सांगितलं. बादलीसकट.

आईनं मला मारलं नाही. त्याचीच मला भीती वाटली. ती म्हणाली, "रविवारी हेडबाई तुला विचारतील. तू सांगायचं, मी थाप मारली. तुझ्या थापा सगळ्या गल्लीला माहीत आहेत, कुणालाही पटेल."

"लहान पोरीला कशाला..." अप्पा म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. हात काढताना विचार करायचा होता."

आणि तिथेच माझ्या संशयाचं उत्तर मला मिळालं. आजवर मला सगळे 'खरं बोल' म्हणून मारत आले होते. थाप मारली म्हण, असं पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. म्हणजे थाप नव्हती. मी दारातून स्वयंपाकघरात बघितलं. आत्या पाठमोरी, सुपात तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकू जात होतं तिला. खडे ती एकेक करून ताटलीत टाकत होती, आणि टाकलेल्या प्रत्येक खड्याचा आवाज येत होता. त्या आठवड्यात ती गुणगुणली नाही.

रविवारी हेडबाई आल्या. उंच, कडक कांजीची साडी, चष्म्याला साखळी. मागे प्रमोद, इतका गप्प की मला आधी वाटलं मुकाच आहे आणि हे लोकही काहीतरी लपवतायत. विद्याची आई सगळ्यांत मागे. उप्पीट झालं, शिरा झाला. आत्या आत होती. हेडबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यांनी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, वर लेबल लावून नाव घातलं होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. पहिलं पान उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"ये गं इकडे. ही कोण?"

आई माझ्याकडे बघत होती. अप्पा छताकडे. मी नुसतं 'मी थाप मारली' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण तीन शब्दांत भागवायची माझी जातच नाही.

"ही होय? ही कमरीपेठेत फुलं विकायची. छापखान्याच्या दारात. अप्पांनी तिला बघून काढलं. तिला सात मुलं, त्यातली तीन जुळी."

"तीन जुळी?"

"म्हणजे एकाच वेळची. आणि ती खोकली की समोरच्या घराची कौलं सरकायची. शेवटी त्या लोकांनी पत्रे घातले."

प्रमोदच्या नाकातून चहा आला. मुका नव्हता.

"आणि तिची करंगळी गं?" हेडबाईंनी बोट नेमकं तिथे ठेवलं.

"माकड चावलं. नुग्गीकेरीच्या मारुतीला गेली होती तेव्हा."

"नाव काय बाईचं?"

"शै... शकुंतला."

"असं होय. बरं." हेडबाईंनी चष्मा काढला. "मग पुढे काय झालं? जगली का मेली?"

काय सांगायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण माझ्या गोष्टी कशा संपतात हे मला माहीत होतं, आणि मेलेल्या बाईला कुणी शोधायला जात नाही हेही कळत होतं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "मेली बिचारी. औषध घेतलं सगळं, पण उपयोग झाला नाही. तडफडून मेली."

"मेले नाही."

आत्या दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं टेबलावर ठेवला. "बास गं बाळ, बास कर. अजून एक वाक्य बोललीस तर माझं तेरावंही घालशील." मग हेडबाईंकडे बघून म्हणाली, "ती मी आहे. मला झाला होता. बेळगावला होते मी तेव्हा. दादा भेटायला यायचा. काय बोलायचं ते त्याला कळायचं नाही, म्हणून समोर बसून काढत राहायचा. तीच जुनी चित्रं समोर ठेवून त्यानं हे पुस्तक काढलं. म्हणायचा, शैले, हलू नको. मी कुठली हलतेय! ताकद होती कुठे?"

अप्पा रडत होते का? मी नीट बघितलं नाही. ज्या माणसाला बघितल्याशिवाय काढता येत नाही त्याच्याकडे त्या वेळी बघायचं मला धैर्य झालं नाही.

"गोळ्या पुऱ्या घेतल्यास?" हेडबाईंनी विचारलं.

"एक चुकवली नाही."

"मग लपवलंत कशाला?" हे आईला.

आई म्हणाली, "तुम्हीच सांगा ओ बाई. आधी सांगितलं असतं तर तुम्ही आमच्या पायरीवर तरी आला असतात का?"

हेडबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या खोट्या बाई नव्हत्या. विद्याची आई मागून हळूच म्हणाली, "आई, तू शाळेत पोरांना शिकवतेस की. रोग बरा होतो, घाबरू नका..."

"पुस्तक पोरांसाठी असतंय," हेडबाई म्हणाल्या. "सून घरात येते."

मला वाटलं, आता आत्या आत जाईल. ती गेलीच. पण कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ती दोन मोठ्या काळ्या फिल्मा घेऊन बाहेर आली. "हा पहिला एक्स-रे. हा शेवटचा. पुस्तकावर विश्वास नसला तर हे बघा."

मुलगी बघायला आलेल्या लोकांनी मुलीची फुप्फुसं बघितल्याचा प्रकार जगात आणखी कुठे झाला असेल असं मला वाटत नाही. हेडबाईंनी एक फिल्म खिडकीशी धरली. त्यांच्या एका खांद्यावरून आई बघतेय, दुसऱ्यावरून विद्याची आई, मी काखेतून डोकं घातलेलं. दिसत होत्या त्या नुसत्या बरगड्या, धुक्यात कुंपण दिसावं तशा. "यात पहिला कुठला?" हेडबाईंनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. हेडबाई दोन्ही फिल्मा आळीपाळीनं धरून, मान हलवत, 'हं, हं' करत होत्या. मी मागून बघितलं तर एक उलटी धरली होती.

"कळलं?" आत्यानं विचारलं.

"ठीक दिसतंय," हेडबाई म्हणाल्या, पण आवाजातला संशय काही गेला नव्हता.

"मग आता यांचा दाखवा," आत्या म्हणाली, आणि प्रमोदकडे बोट केलं.

"कशाला? त्याला काय झालंय?"

"ते मला कसं कळणार? तुम्ही सांगताय तेवढंच मला ठाऊक. माझ्या आतलं तुम्ही सगळ्यांनी बघितलंत. यांच्या आतलं मी बघायला नको?"

आईनं कपाळावर हात मारला. हेडबाई उठल्या, पुस्तक पिशवीत घातलं, "निघतो आम्ही," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. प्रमोद शेवटी गेला. जाताना दारात एकदा अडखळला. त्या संध्याकाळी आमच्या घरात उरलेला शिरा कुणी खाल्ला नाही. आई म्हणाली, "संपलं." अप्पांनी ब्रश धुतले आणि नुसतेच पुसत बसले. आत्या माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तडफडून मेली काय गं?" मी रडायला लागले तेव्हा ती हसायला लागली. ती पीत होती तो पाण्याचा तांब्या मी हिसकावून घेतला आणि त्याच उष्ट्या तांब्याला तोंड लावून घटाघटा प्यायले. तिला त्याचा अर्थ कळला की नाही, मी कधी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी कचेरी सुटल्यावर प्रमोद एकटाच आला. घामाघूम, धारवाडच्या बसनं, काखेत एक लांबरुंद पाकीट. आईनं दार अर्धंच उघडलं. तो म्हणाला, "शैलाताईंना... म्हणजे शैलाला... हे द्यायचंय. त्या दिवशी मागितलं होतं." आईला वाटलं, नकाराचं पत्र. एवढं मोठं? आत्यानं पाकीट फाडलं. एक्स-रे होता.

ती तो घेऊन खिडकीशी गेली. हेडबाई उभ्या होत्या तिथेच उभी राहिली आणि बघत राहिली, पण सुलटा धरून. मीही बघितलं. त्याच बरगड्या, तेच धुकं. फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव मला नीट लागलं नाही, आणि ते प्रमोदचंच होतं का याबद्दल मला आजही शंका आहे. कुठल्यातरी धडधाकट मित्राची फिल्म उचलून आणली नसेल कशावरून? प्रमोद खोलीच्या मधोमध शाळेतल्या पोरासारखा हात बांधून उभा.

मग आत्या म्हणाली, "सिगारेट ओढता?"

प्रमोदचा चेहरा उतरला. "कधीमधी. कचेरीत. हे... हे यात दिसतं?"

आत्या फिल्मकडेच बघत राहिली. ते फिल्ममध्ये दिसलं नव्हतं, शर्टाचा वास खिडकीच्या वाऱ्यावर सगळ्या खोलीत आला होता, हे तिनं मला कितीतरी वर्षांनी, तिची मुलगी शाळेत जायला लागल्यावर सांगितलं.

"सोडा," ती म्हणाली.

"सोडतो. पण आईला कळू देऊ नका. तिला ठाऊक नाही." तो इकडेतिकडे बघत आवाज खाली आणून म्हणाला, "कुणालाच ठाऊक नाही."

आत्यानं फिल्म पाकिटात घातली, माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "आणि हे तुम्ही हिच्यासमोर बोललात?" ती म्हणाली.